स्लायडिंगची कंपनी सापडेपर्यंत

लातूरचा हा फ्लॅट आम्ही तीन वर्षांपूर्वी रीसेलमध्ये घेतला. यंदा मे महिन्यात हॉलची बाल्कनीकडची मोठी स्लायडिंग खिडकी सरकेनाशी झाली. दोन्ही हातांनी जोर लावला की खर्रकन वीतभर पुढे जायची आणि अडायची. आईला तर ती हलवताच येईना. संध्याकाळी वावटळ सुटली की हॉलभर फुफाटा.

गंजगोलाईत हार्डवेअरच्या तीन दुकानांत गेलो. बेअरिंग, म्हणजे खिडकी ज्यांवर सरकते ती खालची चाकं, पाहिजेत म्हटलं की सगळीकडे एकच प्रश्न, "सेक्शन कोणतं? कंपनी कोणती?" सेक्शन म्हणजे चौकटीच्या पट्टीचा प्रकार. मला दोन्ही सांगता येईना. एक फॅब्रिकेटर, म्हणजे खिडक्या जोडून देणारा, घरी येऊन बघून गेला. म्हणाला, "जुना माल आहे सर, पार्ट मिळत नाहीत. काढून नवीनच बसवा." काच शाबूत, चौकट शाबूत, आणि दोन चाकांसाठी अख्खी खिडकी भंगारात घालायची हे मला पटेना. आधीच्या मालकांना फोन केला, त्यांना माहीत नव्हतं. बिल्डरचं ऑफिस तर कधीच बंद झालेलं. म्हणून रविवारी स्वतःच शोधायला बसलो.

आधी हे ॲल्युमिनियम आहे की यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिक), इथून सुरुवात होती. पांढरं पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम लांबून अगदी यूपीव्हीसीसारखंच दिसतं. फ्रिजवरचं चुंबक काढून चौकटीला लावलं, ते हलकेच धरलं. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. यूपीव्हीसीच्या पोकळीत मजबुतीसाठी लोखंडी पट्टी घातलेली असते, तिला ते ओढतं. म्हणजे आमची खिडकी यूपीव्हीसीची.

मग शेजारच्या काकांना हाक मारली. दोघांनी शटर, म्हणजे काचेसकट सरकणारं पान, वर उचलून खालची बाजू ट्रॅकमधून बाहेर काढली. काच लई जड असते, हे काम एकट्याने करू नका. शटर गादीवर आडवं ठेवलं. ट्रॅकमध्ये चार-पाच वर्षांची माती घट्ट बसली होती. पाणी निघून जायची बारीक भोकंही पार बुजलेली. पावसाळ्यात आत पाणी का यायचं, हे त्या दिवशी कळलं.

ओल्या फडक्याने शटरची कड पुसली आणि टॉर्च तिरपा धरला, तेव्हा फिकट काळ्या शाईतली एक ओळ दिसली. एका जर्मन कंपनीचं नाव, पुढे तारीख, पुढे कसलातरी कोड. मला वाटलं, झालं काम! दुसऱ्या दिवशी त्यांच्या ग्राहक सेवेला फोन केला. तिथल्या ताईंनी शांतपणे समजावलं, "सर, आम्ही फक्त प्रोफाइल बनवतो. खिडकी तुमच्याकडच्या फॅब्रिकेटरने जोडलेली असते. बेअरिंग, लॉक, हँडल तो त्याच्या पसंतीचं टाकतो." प्रोफाइल म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्ट्या.

इथेच माझी मूळ चूक होती. मी एक कंपनी शोधत होतो आणि खिडकीत तर तीन-चार होत्या. फेनेस्टासारखे काही जण प्रोफाइलपासून बसवण्यापर्यंत सगळं स्वतः करतात, तिथे एका नावावर भागतं. पण कॉमरलिंग, रेहाऊ, वेका ही नावं प्रोफाइलवर दिसली तर ती खिडकी बनवणाऱ्याची आहेत असं धरू नका. हार्डवेअरवर रोटो, सिजेनिया अशी आणखी वेगळीच नावं असतात.

बेअरिंग काढून पाहिलं. चाक एका बाजूने झिजून चपटं झालेलं आणि पत्र्यावरचं नाव गंजाने खाल्लेलं. आता उरली काच. खालच्या कोपऱ्यात नखाएवढा पांढरा शिक्का होता, इतके दिवस मी तो डाग समजत होतो. मोबाइलने फोटो काढून मोठा केला: टफन्ड (म्हणजे तापवून कडक केलेली काच), आयएस २५५३ हा सुरक्षा काचेच्या मानकाचा क्रमांक, आणि आयएसआयच्या खुणेखाली सीएम/एलने सुरू होणारा क्रमांक. तो परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवानाधारकाचं नाव-पत्ता येतो. आला! काच टफन्ड करून देणारा कारखाना पुण्याकडचा निघाला.

तिथे फोन केला, शिक्क्याचा फोटो आणि काचेचं माप पाठवलं. प्रोफाइलवरची तारीखही सांगितली, कारण खिडकी त्यानंतरच बनलेली असणार. दोन दिवसांनी उत्तर आलं की त्या सुमारास लातूरच्या कामासाठी त्यांची काच छत्रपती संभाजीनगरच्या एका फॅब्रिकेटरने नेली होती. त्या भल्या माणसाने माझी बिल्डिंग लगेच ओळखली. "व्हॉट्सॲपवर जुन्या बेअरिंगची लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये टाका, फुटपट्टीने नको," म्हणाला. भाच्याचं वर्निअर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) आणून मापं घेतली. चार दिवसांत कुरिअरने चार बेअरिंग आली. नव्या खिडकीच्या कोटेशनसमोर हा खर्च काहीच नव्हता.

शटर परत चढवल्यावर आईने एका हाताने ते या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं आणि परत आणलं. तिन्ही नावं, परवाना क्रमांक आणि बेअरिंगची मापं कागदावर लिहून मीटरच्या कपाटात आतून चिकटवली आहेत.

बेडरूमच्या खिडकीचं लॉक अजून राहिलंय. त्यावर नाव नाही, फक्त एक आकडा आहे. त्याचा फोटो संभाजीनगरला पाठवलाय.