पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली, आता त्याचा काय संबंध?

काकूंची फाइल जाडजूड होती. वय साठीच्या पुढे. लघवीच्या इन्फेक्शनसाठी वर्षभरात अँटिबायोटिकचे पाच-सहा कोर्स झालेले. कोर्स संपला की थोडे दिवस बरं, मग पुन्हा जळजळ. साखर नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. ताज्या कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते पाहणारी तपासणी) तर तोंडाने घ्यायची बहुतेक औषधं जंतूंवर चालेनाशी झाली होती. एवढ्या कागदांत खालून तपासणी केल्याची नोंद मात्र कुठेच नव्हती. मला याचा फार राग येतो.

"पाळी कधी गेली?"

"झाली की पंधरा वर्षं. आता त्याचा काय संबंध?"

तपासलं. योनीमार्गाचं अस्तर फिकट, कागदासारखं पातळ. जरासा स्पर्श झाला तरी रक्ताचा टिपूस येत होता. आम्लता मोजणारी पीएचची पट्टी लावली तर 6 च्या पुढे; आकडा जितका जास्त, तितकी आम्लता कमी. पाळी चालू असण्याच्या वयात हा आकडा साधारण 3.8 ते 4.5 असतो, आणि तो तसा राहतो इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे. इस्ट्रोजेन असलं की अस्तराच्या पेशींत ग्लायकोजेन ही साखर साठते, तिच्यावर लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतू पोसले जातात आणि आम्लता टिकवतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन आटलं की आतड्यातले ई. कोलाय जंतू तिथे मुक्काम ठोकतात, आणि लघवीची वाट तिथून अगदी जवळ.

काकू हळूच म्हणाल्या, "खाली बसलं तरी टोचतं. पण या वयात सांगायचं कुणाला?"

मी इस्ट्रोजेनचं क्रीम सुचवलं. 'हार्मोन' म्हटल्याबरोबर त्या दचकल्या. कॅन्सर होतो ना? ही भीती 2002 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानंतर पसरली. पण तिथे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन्स एकत्र असलेल्या गोळ्या रोज पोटात जात होत्या. योनीमार्गात लावायच्या कमी डोसच्या क्रीममधलं इस्ट्रोजेन रक्तात फारच थोडं उतरतं. स्तनाचा कॅन्सर झालेला नाही, पाळी गेल्यावर कधी अंगावरून रक्त गेलेलं नाही, एवढं विचारून घेतलं. चालू इन्फेक्शनला इंजेक्शनं द्यावीच लागली. सोबत क्रीम सुरू केलं: दोन आठवडे रोज रात्री, पुढे आठवड्यातून दोनदा.

काही महिन्यांनी आल्या तेव्हा मधे एकही कोर्स लागला नव्हता. पट्टी 5 च्या खाली. "मग आता बंद करू?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. क्रीम थांबलं की अस्तर पुन्हा तसंच पातळ होतं. त्यांनी मान डोलावली आणि बहिणीसाठी अपॉइंटमेंट मागितली.