तुम्ही विचारलंत म्हणून: फुकट दिलंय, मग तक्रार कसली?

ट्रेकला गेलं की कोणीतरी विचारतंच, राजगडाचा नकाशा तूच नेटवर टाकलास ना, मग कुणी वापरला की चिडतेस कशाला? तर एकदाच नीट लिहिते.

नकाशा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (आपलं काम ठरावीक अटींवर इतरांना वापरू देणारी तयार लायसन्सं) बाय-एसए ४.० लायसन्सखाली आहे. छापा, विका, पैसे कमवा, मला विचारायचीही गरज नाही. फक्त माझं नाव द्या, लायसन्स सांगा, आणि नकाशात बदल करून तो लोकांना दिलात तर तोही त्याच अटीवर द्या, यालाच शेअर-अलाइक म्हणतात. स्वतःपुरता कितीही बदला, ही अट लागतच नाही. पण कॉपीराइट मी सोडलेला नाही, त्याच्याच जोरावर तर ही अट उभी आहे.

आणि एका प्रकाशकाच्या गाइडबुकात तो दिसला. रंग भरलेले, पायवाटा वाढवलेल्या, पाण्याची टाकी दाखवलेली, काम चांगलंच होतं. पण सुवेळा माचीच्या नेढ्याकडचा (कातळातल्या आरपार भोकाकडचा) माझा वाकडा बाण जसाच्या तसा, संजीवनी माचीची तटबंदी माझ्याच रेषेत आणि खाली बारीक अक्षरात 'सर्व हक्क राखीव'. डोक्यात तिडीक गेली. फोन केला तर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, मग काय आख्खं पुस्तक फुकट वाटू?" अहो नाही, फक्त नकाशा! अट मोडली की लायसन्स आपोआप संपतं, पण कळल्यापासून ३० दिवसांत सुधारलंत तर परत मिळतं, हेही सांगितलं. बघतो म्हणाले. पुढच्या आवृत्तीत माझं नाव आलं, 'सर्व हक्क राखीव' तिथेच.

तेव्हा मला मनातून आख्खं पुस्तकच खुलं व्हायला हवं होतं, खोटं कशाला बोलू. मेरीलँडमधल्या मॉन्टगोमेरी काउंटीच्या अ‍ॅटलसवर असाच शेअर-अलाइक फोटो होता, फोटोग्राफर म्हणाला अ‍ॅटलसही त्याच लायसन्सवर द्या, आणि २०१५ मध्ये अमेरिकन कोर्टाने सांगितलं की अ‍ॅटलस हा संग्रह आहे, फोटोवरून केलेली नवी कृती नाही, त्याला ही अट लागत नाही. वाचून संताप झाला होता. आता बरंचसं पटतं, नाहीतर असा फोटो कुठलं वर्तमानपत्र छापेल? पण माझा नकाशा तर बदललाय ना, तिथे काय?

सगळ्यात लागतं ते वेगळंच. त्यांनी काढलेली टाकी मी माझ्या नकाशात जशीच्या तशी उचलून घेऊ शकत नाही. त्यांनी अट मोडली म्हणून त्यांची भर आपोआप खुली होत नाही, दाद मागायची तर कोर्टात जावं लागतं आणि एका नकाशासाठी वकील कोण लावणार? उन्हाळ्यात गडावर पाणी कुठे आहे हे सगळ्यांना कळावं म्हणून तर ती अट घातली होती.

'व्यावसायिक वापर नको' असं लायसन्स लाव म्हणता, पण मग नकाशा विकिपीडियाला चालत नाही. दिलेलं लायसन्स मागेही घेता येत नाही. तोरण्याचा नकाशा अर्धा झालाय, तो बाय-एसएखालीच टाकावा असं आज वाटतंय, परवापर्यंत वाटत होतं की सगळे हक्क सोडून मोकळं व्हावं.