कायट्रिड बुरशीचे ऋतुमान मोजताना: माझा अनुभव

बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीचे प्रमाण वर्षभरात कसे बदलते, हे पाहण्यासाठी एकाच ओढ्यावर दर महिन्याला नमुने घेण्याचे काम मी अंगावर घेतले. सुरुवात ऐन उन्हाळ्यात केली, कारण तेव्हा ओढ्यात उतरणे सोपे असते; ही सोय पुढे महागात पडली. पहिल्या दोन महिन्यांत एकाही बेडकात बुरशी सापडली नाही आणि ‘ओढा रोगमुक्त आहे’ असे वाक्य मी अहवालाच्या मसुद्यात लिहूनही टाकले.

काम तसे कंटाळवाणे. प्रत्येक बेडकासाठी नवे हातमोजे घालायचे, कारण एकाची लागण आपल्याच हातांनी दुसऱ्याला व्हायची. मग पोट, मांड्या आणि पंजांवरून स्वॅब ठरावीक वेळा फिरवायचा. बूट निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या पाणवठ्याकडे वळायचेसुद्धा नाही.

थंडी सुरू झाली आणि क्यूपीसीआर चाचणीचे (स्वॅबवरच्या बुरशीचा डीएनए मोजणारी चाचणी) निकाल पालटले. 1999 मध्ये बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटायडिस असे नाव मिळालेली ही बुरशी साधारण 17 ते 25 अंश सेल्सिअसला उत्तम वाढते, 28 अंशांच्या आसपास तिची वाढ थांबते. शिवाय गारव्यात बेडकाची प्रतिकारशक्ती मंदावते. एका सकाळी भर उजेडात, पाय फाकवून बसलेला एक बेडूक दिसला. जवळ गेलो तरी तो हलला नाही, अंगावरून कातडीचे पातळ पापुद्रे सुटत होते आणि उताणा केल्यावर त्याला परत पालथे होता येईना. कातडीतून क्षारांची ने-आण बिघडते, रक्तातले सोडियम व पोटॅशियम घटते आणि शेवटी हृदय थांबते, हे मी वाचलेले होते. ते हातात धरून पाहणे निराळे.

मग उन्हाळ्यातली बुरशी गेली कुठे, हा प्रश्न उरला. पुढच्या उन्हाळ्यात मोठ्या बेडकांबरोबर टॅडपोलच्याही (बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांच्या) तोंडाचे स्वॅब घेतले, कारण ही बुरशी ज्यावर वाढते ते केराटिन, म्हणजे कातडी-नखांतले कठीण प्रथिन, त्यांच्या मुखभागातच असते आणि बुरशी तिथेच टिकते. त्यांतले काही नमुने पॉझिटिव्ह आले. बेडकांच्या जुन्या नमुन्यांपैकी चिखल लागलेले स्वॅब दहापट पातळ करून पुन्हा तपासले, तेव्हा त्यांतही दोन पॉझिटिव्ह निघाले. गाळामुळे आधीची चाचणी अडली होती. मसुद्यातले ते वाक्य खोडून मी तिथे तारीख आणि पाण्याचे तापमान लिहिले.