लॅरीची गल्ली आणि आजोबांची वही

आजोबांच्या वहीतल्या तीन पानांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन मी लंडनला गेले होते. सप्टेंबर २०२४, मुक्काम हॅरोला भाचीकडे. राजवाडा, टॉवर ब्रिज, म्युझियम हे सगळं होणारच होतं. पण मला आधी जायचं होतं ते डाउनिंग स्ट्रीटच्या फाटकाशी, तिथल्या दहा नंबरच्या घरात, ब्रिटिश पंतप्रधानांकडे, राहणाऱ्या लॅरी बोक्याला बघायला. भाची म्हणाली, "मावशी, दिसेलच असं नाही हं. सतरा वर्षांचा झालाय तो." मी म्हटलं, नाही दिसला तर परवा परत जाऊ.

आधी वहीचं सांगते. आजोबा कराडला पोस्टातून निवृत्त झाले होते. आमच्याकडे चिमी नावाची करडी मांजर होती, दिवसभर उंबऱ्यावर पडलेली. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर आला आणि एरवी ओट्यावर बसून तावातावाने बोलणारे आजोबा एकदम गप्प झाले. मी नऊ वर्षांची होते. त्यांनी वही सुरू केली तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. ती सापडली ते गेल्यावर, ट्रंकेत, धोतरांच्या घडीखाली. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात मथळा : 'चिमीची रोजनिशी'.

एका पानावर चिमी लिहिते : "आज दूध पातळ. मालकीणबाई म्हणाल्या, भाव वाढला. भाव वाढला तर दूध घट्ट व्हायला हवं. माझं गणित कच्चं असावं." दुसऱ्या पानावर : "घरधनी म्हणतात सगळीकडे शिस्त आलीय, गाड्या वेळेवर सुटतात. मला गाडीने कुठेच जायचं नाही. वाटीत दूध मात्र वेळेवर पडत नाही."

ही पानं मी पन्नासदा तरी वाचली असतील. पेन्शनीवर जगणारा, पोलिसांची धास्ती घेतलेला माणूस सरकारबद्दल बोलायचं म्हणून मांजरीच्या तोंडात शब्द घालतो. का मांजरीच्याच? तर ती सगळं ऐकते आणि तिला कुणी जबाबदार धरत नाही. शिवाय महागाई तिला भाषणातून कळत नाही, वाटीतून कळते.

हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने बेकर स्ट्रीट, तिथून बेकरलूने चेरिंग क्रॉस. आधी पायी कॉव्हेंट गार्डनला गेलो, कारण या जातीची बोलकी जनावरं लंडनला जुनी आहेत. तिथल्या सेंट पॉल चर्चच्या भिंतीवर एक लेख कोरलाय, पंच नावाच्या विदूषकाचा बाहुल्यांचा खेळ रोजनिशीकार सॅम्युअल पीप्सने १६६२ मध्ये या जागेजवळ पाहिला असं सांगणारा. पुढे या पंचच्या जोडीला टोबी कुत्रा आला. कित्येक खेळवाले तर जिवंत कुत्रा आणून, गळ्यात झालरीची कॉलर घालून, रंगमंचाच्या फळीवर बसवत. मग १८४१ मध्ये 'पंच' हे विनोदी साप्ताहिक निघालं. त्याच्या मुखपृष्ठावर टोबीही असायचा, आणि १८८१ पासून हेन्री लूसी या पत्रकाराने त्याला थेट पार्लमेंटात नेऊन बसवलं. 'टोबी, एम.पी.' या नावाने लूसी कामकाजावर लिहायचा. कुत्रा सभागृहात बसून खासदारांची टिपणं काढतोय, आणि वाचक दर आठवड्याला ती वाचतायत! हे वारं आपल्याकडेही आलंच होतं. एकोणिसाव्या शतकातच ठाण्याहून 'हिंदू पंच' निघत असे. आजोबांनी त्याचं नाव कधी काढल्याचं मला आठवत नाही, पण चिमी त्याच घराण्यातली, असं मला त्या भिंतीपाशी उभं राहून मनापासून वाटलं.

स्ट्रँड, ट्रफाल्गर चौक आणि मग व्हाइटहॉल. डाउनिंग स्ट्रीटचं फाटक काळं, उंच. १९८९ मध्ये बसवलेलं. पूर्वी लोक थेट दहा नंबरच्या दारापर्यंत जात, आता गजांतून वाकून बघायचं. बंदूकधारी पोलीस आत उभे होते. बाहेर आमच्यासारखी पंचवीस-तीस माणसं होती, त्यांतली निदान निम्मी बोक्यासाठीच थांबलेली.

लॅरी १५ फेब्रुवारी २०११ ला इथे आला, बॅटरसीच्या प्राण्यांच्या आश्रयगृहातून. त्याआधी टीव्हीच्या बातम्यांत दहा नंबरच्या पायरीवर उंदीर पळताना सगळ्या देशाने पाहिला होता. त्याचं पद 'चीफ माउजर टू द कॅबिनेट ऑफिस', म्हणजे मूषकसंहारक प्रमुख. सरकारी संकेतस्थळावर त्याच्या कामांत पाहुण्यांचं स्वागत आणि जुन्या फर्निचरवर झोपून बघणं ही कामं लिहिलेली आहेत. उंदरांचा बंदोबस्त म्हणे अजून नियोजनाच्या टप्प्यावर आहे. सरकारने आपल्याच पानावर हे लिहावं याचं मला फार कौतुक वाटतं.

कॅमेरन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक आणि मी गेले तेव्हा स्टार्मर. तोवर लॅरीने सहा पंतप्रधान पाहिले होते. तो पंतप्रधानांचा नाही, घराचा आहे. माणसं सामान बांधून जातात, हा राहतो. २३ सप्टेंबर २०२२ ला ट्रस सरकारने तब्बल ४५ अब्ज पौंडांच्या करकपातीची घोषणा केली. एवढा पैसा येणार कुठून याचं उत्तर नव्हतं. तीनच दिवसांत पौंड डॉलरसमोर नीचांकाला घसरला, गृहकर्जांचे व्याजदर उसळले, बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घ्यायला उतरावं लागलं. २० ऑक्टोबरला ट्रसनी याच दारासमोर राजीनामा जाहीर केला. लॅरीच्या नावाने एक्सवर एक अनधिकृत खातं चालतं, बोक्याच्या तोंडून राजकारणावर बोलणारं, आणि माझी भाची तेव्हा बातम्यांच्या आधी ते उघडायची. "मावशी, खरं सांगू? अर्थशास्त्रज्ञ काय म्हणतायत ते डोक्यावरून जायचं. बोका काय म्हणतोय ते लगेच कळायचं."

अर्थखात्यातही एक काळा बोका आहे, ग्लॅडस्टन. परराष्ट्र खात्यातला पामरस्टन २०२० मध्ये निवृत्त झाला. त्याचं निवृत्तीपत्र त्याच्याच नावाने जाहीर झालं, खाली पंजाच्या ठशांची सही.

दीड तास उभे होतो. वारा गार, पाय भरून आले. मग भाचीने एकदम दंड धरला. पांढऱ्या छातीचा, पाठीवर पट्टे असलेला बोका भिंतीच्या कडेने येत होता, सावकाश, म्हातारी माणसं चालतात तसा. तो दारापाशी जाऊन बसला. मी कॅमेऱ्याचा झूम पूर्ण ताणला. दारावरच्या १० मधलं शून्य जरासं कललेलं आहे, ते तेव्हा नीट दिसलं. दाराला बाहेरून उघडायची सोय नाही. एक पोलीस आला, वाकून बोक्याशी काहीतरी बोलला आणि त्याने कडी वाजवली. दार आतून उघडलं. लॅरी उठला नाही. त्याने आधी पंजा चाटला, गल्लीकडे पाहिलं, आणि दार धरून उभा असलेला माणूस थांबून राहिला. केवढ्या सत्तेचं दार ते! मला आमचा कराडचा उंबरा दिसत होता. डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

तो आत गेला. भाचीने विचारलं, "मावशी, तिसरं पान कुठलं गं? दोनच वाचून दाखवलीस."

मी त्या पानाचा फोटो उघडून मोबाइल तिच्या हातात दिला. पानावर तारीख २२ मार्च १९७७, आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या दिवशीची. अक्षर जरा थरथरलेलं. तिने फाटकाशीच मोठ्याने वाचलं : "आजही दूध तेवढंच पातळ. पण घरातली माणसं मोठ्याने भांडतायत. मी निवांत झोपले."