‘ला एन’ आणि न सरणारा दिवस

मात्यू कासोविट्झ यांचा ‘ला एन’ हा 1995 सालचा फ्रेंच चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला त्यात फक्त संताप दिसला होता. नावाचा अर्थच ‘द्वेष’ असा आहे, आणि सुरुवातीलाच बॉब मार्लेच्या गाण्यावर खऱ्याखुऱ्या दंगलींची दृश्ये समोर येतात, त्यामुळे माझी समजूत तशी झाली यात नवल नाही. दुसऱ्यांदा पाहताना मात्र पडद्यावर अधूनमधून उमटणाऱ्या घड्याळाच्या आकड्यांकडे लक्ष गेले. कथा सकाळी 10:38 ला सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे 06:01 ला संपते. या सुमारे साडेएकोणीस तासांत त्या तीन मुलांना जायला एकही ठरलेली जागा नाही आणि करायला एकही नेमके काम नाही. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की हा चित्रपट जितका द्वेषाचा आहे, त्याहून अधिक रिकाम्या वेळेचा आहे.

पॅरिसच्या पश्चिमेला सुमारे 30 किलोमीटरवर शाँतलू-ले-विन्य नावाचे गाव आहे. तिथल्या स्वस्त भाड्याच्या सरकारी इमारतींच्या वसाहतीत पहिल्या अर्ध्या भागाचे चित्रीकरण झाले. आदल्या रात्री वसाहतीत पोलिसांशी दंगल झालेली आहे, अब्देल नावाचा एक तरुण पोलिसांच्या मारहाणीनंतर रुग्णालयात बेशुद्धावस्थेत आहे, आणि विन्झ, सईद व युबेर हे तीन मित्र उजाडलेला दिवस ढकलत आहेत. विन्झ ज्यू आहे, सईद अरब आहे आणि युबेर आफ्रिकी वंशाचा आहे; व्हँसाँ कासेल, सईद तागमाउई आणि युबेर कुंदे या तिघा नटांची पहिली नावेच पात्रांना थोडीफार तशीच दिलेली आहेत. ही निवड जरा जास्तच आखीवरेखीव आहे असा आक्षेप घेता येतो, आणि मला तो पूर्णपणे खोडता येत नाही. परंतु तिघे एकमेकांची जी टिंगल करतात, एकमेकांचे बोलणे ज्या पद्धतीने तोडतात, ते ऐकताना हा हिशेब विसरायला होतो.

आता या सकाळीत काय होते ते पाहा. काही मुले इमारतीच्या गच्चीवर सॉसेज भाजत बसलेली असतात. एक लहान मुलगा विन्झला छुप्या कॅमेऱ्याच्या कुठल्याशा टीव्ही कार्यक्रमातली हकिगत सांगू लागतो. ती लांबत जाते, तिला धड शेवटही नसतो, आणि आपणही त्या तिघांसारखेच तिथे अडकून ऐकत राहतो. गर्दी खेचणाऱ्या चित्रपटात असे दृश्य कोणीही संपादकाच्या टेबलावर पहिल्या दिवशी कापून टाकले असते. येथे ते ठेवले आहे, कारण येथे कंटाळा हाच कथेचा विषय आहे. एवढ्यात टीव्हीचे पत्रकार येतात, पण मोटारीतून खाली न उतरताच दंगलीबद्दल प्रश्न विचारू लागतात. तेव्हा हे काही थ्वारी नव्हे, असे युबेर त्यांना सुनावतो. थ्वारी हे त्याच भागातले प्राणिसंग्रहालय आहे, जिथे लोक मोटारीच्या काचा लावून सिंह पाहत फिरतात. वसाहतीबाहेरच्या माणसांची नजर समजायला यापेक्षा वेगळे भाष्य लागत नाही.

या सपाट दिवसाला आकार देणारी एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे दंगलीत एका पोलिसाच्या हातून हरवलेले पिस्तूल. ते विन्झला सापडले आहे. अब्देल मेला तर एका पोलिसाला मारून बरोबरी करीन, असे तो म्हणतो. मला वाटते, त्याला खून करायचा आहे यापेक्षा त्याला कशाची तरी वाट पाहायची आहे, हे अधिक खरे आहे. पिस्तूल मिळाल्यापासून त्याच्या दिवसाला एक शक्यता आली आहे. आरशासमोर उभा राहून तो धमकावण्याची जी तालीम करतो, तीही अमेरिकी चित्रपटातून उसनी घेतलेली आहे. युबेर बॉक्सर आहे. मोठ्या खटपटीने उभी राहिलेली त्याची व्यायामशाळा दंगलीत जळली आहे, त्यामुळे त्याचे रिकामपण वेगळ्या जातीचे आहे. त्याच्याकडे करण्यासारखे काहीतरी होते आणि ते त्याच्याच वसाहतीने जाळले. सईदचे तसे नाही. तो बोलून वेळ मारून नेतो. ‘वेळ मारून नेणे’ आणि ‘वेळ घालवणे’ यांतला फरक मला या मुलामुळे नीट कळला.

मग तिघे पॅरिसला जातात, आणि तेथे चित्रपटाची दृष्टीच बदलते. वसाहतीत कॅमेरा बहुधा स्थिर, रुंद आणि संथ होता. माणसे आणि त्यांच्यामागच्या भिंती सारख्याच स्पष्ट दिसत होत्या. पॅरिसमध्ये पोहोचल्यावरच्या एका दृश्यात कॅमेरा मागे सरकत असतानाच झूम पुढे ओढला जातो, त्यामुळे तिघे जागच्या जागी राहतात आणि त्यांच्यामागचे शहर जवळ येत येत धूसर होते. येथून पुढे शहर त्यांच्यापासून तुटलेलेच दिसते. छायाचित्रकार पिएर एम यांच्या या कामात काही ठिकाणी करामत दाखवण्याचा हौशीपणा आहे, हे मान्य करायला हवे. वसाहतीत डीजेने खिडकीत स्पीकर ठेवून फ्रेंच गायिका एदित पियाफचा आवाज आणि पोलिसांवरचे रॅप एकत्र मिसळले असताना कॅमेरा इमारतींवरून तरंगत जातो, ते दृश्य अतिशय प्रसिद्ध आहे. मला मात्र ते थोडे स्वतःवरच खूश वाटते.

पॅरिसमध्ये सईद आणि युबेर पोलिसांच्या तावडीत सापडतात. साध्या वेशातले दोन पोलीस त्यांचा छळ करतात आणि एक नवखा शिकाऊ अधिकारी खुर्चीवर बसून ते पाहतो. मध्येच तो नजर वळवतो. 1993 च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या एका पोलीस ठाण्यात 17 वर्षांचा एक मुलगा चौकशी चालू असताना अधिकाऱ्याच्या पिस्तुलाच्या गोळीने मरण पावला होता, आणि कासोविट्झ यांनी हे लेखन त्या घटनेतून सुरू केले. हे माहीत असल्यावर हे दृश्य बघवत नाही. तरीही कथेत या छळाचा जो परिणाम होतो तो अगदी क्षुल्लक दिसणारा आहे: त्यांची शेवटची गाडी चुकते. आता सकाळपर्यंत काढायचे तास आणखी वाढतात. मग एक मोटार चोरायचा प्रयत्न होतो, आणि खटपट करून झाल्यावर लक्षात येते की तिघांपैकी कोणालाच गाडी चालवता येत नाही.

मला सर्वांत अधिक आठवतो तो सार्वजनिक स्वच्छतागृहातला म्हातारा. तिघे भांडत असताना तो संडासातून बाहेर येतो आणि कोणी विचारले नसताना एक गोष्ट सांगतो. सैबेरियाकडे नेणाऱ्या गुरांच्या डब्यांत त्याला कोंबलेले असते, सोबत ग्रुनवाल्स्की नावाचा मित्र असतो. गाडी इंजिनात पाणी भरण्यापुरती थांबते तेव्हाच शौचाला उतरता येते, पण ग्रुनवाल्स्की लाजाळू असल्यामुळे दूर जातो. गाडी सुटते. तो धावतो, आणि मित्राने पुढे केलेला हात धरायला जातो तेव्हा विजार खाली घसरते. विजार सावरावी तर हात सुटतो. तो गोठून मरतो. म्हातारा निघून जातो, आणि त्याने हे आपल्याला का सांगितले असेल, असे सईद विचारत राहतो. चित्रपट उत्तर देत नाही. तिघांना त्या गोष्टीतून काही घेता येत नाही, आणि ते घेता न येणे दिग्दर्शकाने अजिबात झाकलेले नाही, याचे मला फार कौतुक वाटते. एक उणीव मात्र ठळक आहे: या जगात बहिणी, आजी, आई येतात-जातात, पण एकीचाही दिवस कसा जातो हे आपल्याला दिसत नाही.

कान चित्रपट महोत्सवात 27 वर्षांच्या कासोविट्झ यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे पारितोषिक मिळाले, आणि फ्रान्सचे तत्कालीन पंतप्रधान आलँ ज्युपे यांनी आपल्या मंत्र्यांसाठी चित्रपटाचा खास खेळ ठेवला. त्या खेळानंतर वसाहतींचे फारसे काही बदलले नाही. 2005 च्या शरद ऋतूत अशाच उपनगरांतून आठवडेच्या आठवडे दंगली उसळल्या.

रात्री उशिरा तिघे एका गच्चीवर बसून आयफेल टॉवरकडे पाहतात. चुटकी वाजवून त्याचे दिवे विझवायचे असा खेळ होतो. चुटकी वाजते, टॉवर तसाच झगमगत राहतो. असे फक्त सिनेमात होते, असे म्हणून ते उठतात आणि पाठ फिरवतात. त्यांच्यामागे दिवे विझतात. तिघांपैकी कोणीही वळून पाहत नाही.