बोली म्हणजे दुखतंय

ट्रायाजच्या, म्हणजे आलेल्या रुग्णाला आधी तपासून नोंद करणाऱ्या नर्सने लिहिलेली पहिलीच ओळ मी दोनदा वाचली. ‘वय ९. दोन आठवड्यांपूर्वी अँजायना.’ पुढे तिनेच एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

तेव्हा मी पूर्व इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या विभागात रजिस्ट्रार, म्हणजे वरिष्ठांच्या हाताखालची डॉक्टर होते. रात्रीचा दीड वाजला होता. बोस्टन, स्पाल्डिंग, विस्बीच हा तिकडचा सगळा पट्टा सपाट आणि शेतीचा. नजर जाईल तिथवर कोबी, फ्लॉवर, बटाटे. २००४ साली पोलंड युरोपीय संघात आला आणि ब्रिटनने पहिल्या दिवसापासून तिथल्या कामगारांना मुभा दिली. तेव्हापासून या शेतांत आणि भाजी निवडून भरायच्या कारखान्यांत पोलिश माणसं भरपूर आहेत. या मुलाचा बापही अशाच कारखान्यात रात्रपाळीला गेला होता. आई मुलाला घेऊन सहाच महिन्यांपूर्वी आलेली, इंग्रजी मोजकं.

फोनवरच्या दुभाष्याला लाइन लावली तर रांग होती. पोरगं स्ट्रेचरच्या गाडीवर शांत पडलेलं, डोकं दुखतंय म्हणत होतं. चेहरा, विशेषतः डोळ्यांखाली, जरा सुजल्यासारखा. पण झोपेतून उठवलेल्या मुलाचा चेहरा असाच दिसतो, असं मनाशी म्हणून मी पुढे गेले. आईला थोडं इंग्रजी येतंय, तेवढ्यावर भागेल असं मला वाटलं. हा निर्णय माझा होता.

अँजायना म्हणजे आपल्यासाठी हृदयाचं दुखणं. नऊ वर्षांच्या मुलाला? जन्मजात दोष असेल, कुठे ऑपरेशन झालं असेल, असे विचार डोक्यात. ईसीजी काढला, साफ नॉर्मल. छातीवर हात ठेवून विचारलं, “इथे दुखलं होतं?” तिने जोरात मान हलवली आणि हात आपल्या गळ्याकडे नेला. “थ्रोट? सोअर थ्रोट?” मी विचारलं. एकीकडे मुलाचं पांघरूण सारखं करत ती म्हणाली, “नॉ, नॉ.” मी लिहिलं, घसादुखी नाही. “अ‍ॅलर्जी? पेनिसिलिन?” “नॉ.” लिहिलं, अ‍ॅलर्जी नाही. “लघवीचा रंग बदललाय?” “नॉ, नॉ.” तेही लिहिलं. मग काही औषध चालू आहे का विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “अ‍ॅक्चुअली, आयबुप्रोफेन.” म्हणजे खरं तर कधीतरी देते, असं मी समजले.

मग नर्सने बीपी घेतला. १४२/९६. पट्टा बदलून पुन्हा घेतला, तेवढाच. आणि मुलगा बाथरूमला जाऊन आला तेव्हा बाटलीत जे होतं, ते दूध न घातलेल्या कोऱ्या चहासारखं होतं. मी हातातला केसपेपर पाहिला. लघवीचा रंग बदललेला नाही, असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं.

त्याच वेळी दुभाषी बाई लाइनवर आल्या. स्पीकर लावून मी फोन गाडीवर मुलाच्या पायाशी ठेवला आणि पहिला प्रश्न अँजायनाचाच विचारला. त्या लगेच म्हणाल्या, “डॉक्टर, पोलिशमध्ये ‘आंगिना’ म्हणजे घशाचा संसर्ग. टॉन्सिल लाल होतात, ताप येतो, तो. तुम्ही म्हणता त्या हृदयाच्या दुखण्याला आम्ही ‘द्वावित्सा’ म्हणतो.”

मग मी “नॉ”बद्दल विचारलं. त्या क्षणभर थांबल्या. “बोलताना आम्ही होकाराला ‘नॉ’ म्हणतो. तुमच्या इंग्रजीतल्या ‘या, या’सारखं. नकाराला ‘न्ये’.”

मी खुर्ची ओढून बसले. केसपेपरवरचा प्रत्येक नकार एकेक करून पुन्हा विचारला. घसा दुखत होता? हो, खूप, तीन दिवस गिळता येत नव्हतं. मध आणि रास्पबेरीचा रस घातलेला चहा देऊन घरीच ठेवलं, डॉक्टरकडे नेलं नाही. लघवी? हो, कालपासून गडद. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी? हो. तीन वर्षांचा असताना अंगभर पुरळ उठलं होतं, श्वास लागला होता. हे ऐकताना माझे हात गार पडले. आणि ते ‘अ‍ॅक्चुअली’ म्हणजे पोलिशमधलं ‘आक्तुआल्न्ये’, म्हणजे ‘सध्या’. डोकेदुखीसाठी आयबुप्रोफेन सध्या चालू होतं, दिवसातून तीनदा, शेवटचा डोस त्याच संध्याकाळी.

आता चित्र जुळलं. स्ट्रेप्टोकॉकस जंतूने घसा धरतो, तो बरा होतो आणि आठ-पंधरा दिवसांनी मूत्रपिंडांच्या गाळण्या सुजतात. जंतू मूत्रपिंडात जात नाही. जंतूशी लढताना शरीराने जे तयार केलं तेच तिथे अडकून दाह करतं. लघवीतून रक्त जातं, अंगात पाणी आणि मीठ साठतं, चेहरा सुजतो, रक्तदाब चढतो, आणि त्या दाबाने डोकं दुखतं. हा दाब वाढत गेला तर झटकेही येऊ शकतात. अशा मूत्रपिंडांना आयबुप्रोफेन अजिबात नको. आणि घशात उरलेल्या जंतूंसाठी पहाटे मी जे औषध सहज लिहिलं असतं, ते पेनिसिलिनच असतं.

आयबुप्रोफेन बंद केलं. पाणी मोजून, मीठ बंद, लघवी वाढवायचं औषध, बीपीचं औषध, आणि प्रतिजैविक दुसऱ्या गटातलं. मनगटाला अ‍ॅलर्जीची लाल पट्टी बांधली. सकाळी रिपोर्ट आला, रक्तातलं सी-३ हे प्रथिन खाली गेलेलं होतं. ते या आजारात अपेक्षितच.

ते प्रश्नचिन्ह मात्र मला आजही सलतं. आम्ही दोघींनी धरून चाललं की आईचा शब्द चुकला. तिचा शब्द तर अचूक होता. लॅटिनमध्ये अँजायना हा घशाचाच रोग, गळा आवळणारा. १७६८ साली लंडनच्या डॉक्टर विल्यम हेबर्डनने छातीतल्या आवळण्याचं वर्णन केलं आणि त्याला ‘छातीचा अँजायना’ असं नाव दिलं. पुढे इंग्रजीने ‘छातीचा’ हा भाग गाळला आणि उरलेला शब्द हृदयाला देऊन टाकला. पोलिशने जुना अर्थ ठेवला. आपण बदललो आणि प्रश्नचिन्ह तिच्यापुढे काढलं.

मी कोल्हापूरची. १९४३ ते १९४८ या काळात आमच्या शेजारच्या वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत छावण्यांतून इराणमार्गे आलेली. लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले, पण त्यांच्या भाषेतला एकही शब्द मला त्या रात्रीपर्यंत येत नव्हता.

तो मुलगा नऊ दिवस वॉर्डात होता. रोज राउंड झाला की मी आईजवळ पाच मिनिटं बसायचे आणि तिच्याकडून शब्द लिहून घ्यायचे. ती मला ‘पानी दोक्तोर’ म्हणायची, म्हणजे अगदी आपलं डॉक्टरबाई. टॉन्सिलना ‘मिग्दावकी’, छोटे बदाम. आमच्याकडे गिलायू म्हणतात, ते मी तिला सांगितलं. कॅन्सरला ‘राक’, आणि तोच शब्द नदीतल्या खेकड्यासारख्या प्राण्याला; आपल्या कर्करोगातला कर्क तिथेही आहे. उपाशीपोटी या अर्थाचा नेमका शब्दप्रयोग त्यांच्याकडे आहे, ‘ना च्चो’. डबाबंद खाणं टाळा हे सांगताना मी ‘प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणाले तेव्हा ती लाजून दुसरीकडे पाहू लागली. ‘प्रेझेर्वातिवा’ म्हणजे निरोध. खाण्यातल्या रसायनाला ‘कॉन्सेर्वांत’ म्हणायचं. आणि दुखतंय याला ‘बोली’. हा शब्द मला लिहून घ्यावा लागला नाही.

आठ आठवड्यांनी ती दोघं ओपीडीत आली. सी-३ जागेवर आलं होतं, बीपी नॉर्मल. लघवी तपासायच्या पट्टीवर रक्ताचा अंश अजून दिसत होता. तो काही महिने दिसतो. दुभाषी बाई फोनवर होत्याच, पण एक प्रश्न मी आधी स्वतः विचारला. “ग्वोवा बोली?” डोकं दुखतं का?

त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवून स्पष्ट म्हणाला, “न्ये.”

मी लिहिलं, नाही.