कोल्हापूरच्या आसपास कॅम्पर व्हॅननं : काय बघितलं आणि जाणाऱ्यांनी काय ध्यानात ठेवावं

कोल्हापूर म्हटलं की अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, जोतिबा आणि तांबडा-पांढरा, बाहेरचे पाहुणे सोडा, आपण कोल्हापूरकर पण ह्याच्या पुढं फारसं जात नाही. दिवाळीनंतर मी आणि आमचे हे, दोघं टेम्पो ट्रॅव्हलरवर बनवलेली कॅम्पर व्हॅन (आतच झोपायची सोय असलेली गाडी) भाड्यानं घेऊन निघालो ते मुद्दाम ह्यातलं एकही ठिकाण न करता, जिल्ह्यातल्या जरा जगावेगळ्या जागा बघायच्या म्हणून. आधीच सांगते, लॉजचे पैसे वाचतात म्हणून व्हॅन घेऊ नका, तेवढे भाड्यात आणि डिझेलमध्ये जातातच. खरा फायदा म्हणजे जागेच्या शेजारी झोपता येतं, आणि सकाळी गर्दी यायच्या आत तुम्ही तिथं असता.

पुण्याकडून येणाऱ्यांना टोपजवळचा चिन्मय गणाधीश हा गणपतीचा पुतळा हायवेवरूनच दिसतो, एवढा मोठा आहे. तिथं अर्धा तास पुरे. शहरात शिरणार असाल तर व्हॅन अंबाबाईच्या देवळाजवळच्या महाद्वार रोडच्या आसपास अजिबात नेऊ नका, बाहेर लावा आणि रिक्षानं जा. पण टाऊन हॉल म्युझियम चुकवू नका (सोमवारी बंद असतं). पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी ब्राँझची मूर्ती तिथली. समुद्र घाटाखाली आणि हा देव इथं नदीकाठी, म्हणजे रोमन व्यापार कुठवर पोचला होता बघा.

मग खिद्रापूर, कोपेश्वराच्या देवळाचं गाव. ट्रिपमधलं सगळ्यात भारी हेच. नृसिंहवाडीला दत्ताचं दर्शन, कृष्णा-पंचगंगेचा संगम, बासुंदी आणि कवठाची बर्फी घेऊन कुरुंदवाडवरून संध्याकाळी पोचलो. गल्ल्या अरुंद आहेत, मोठी गाडी देवळापर्यंत रेटू नका, गावाच्या तोंडाशीच विचारा. आम्ही विचारलं तर एक आजोबा म्हणाले, "खुशाल थांबा ताई, फक्त सकाळी ट्रॅक्टरला वाट ठेवा." शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वर मंदिर, १२व्या शतकातलं, पण पुढं नंदी नाही! सती बापाच्या यज्ञाला गेली आणि तिथं तिनं जीव दिला म्हणून महादेव कोपला, त्याला शांत करायला विष्णू आला म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगं, आणि नंदी सतीबरोबर गेलेला म्हणून तो पलीकडं कर्नाटकात येडूरला, अशी कथा सांगतात. पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही, गोल मोकळं आभाळ आणि बरोब्बर त्याच्याखाली तेवढीच गोल शिळा. सकाळी पहिलं ऊन खांबांवर आलं तेव्हा आत आम्ही दोघंच, हे एरवी बडबडे पण तिथं तासभर गप्प बसून होते. बाहेरनं पण नीट चक्कर मारा, सगळं देऊळ हत्तींच्या रांगेवर उभं आहे. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र त्या गोलावर येतो म्हणून लोक लोटतात, त्या दिवशी व्हॅन घेऊन जाणं मात्र अवघड.

कणेरी मठ बऱ्याच जणांना शाळेच्या सहलीतला आठवत असेल, तरी परत जा. बलुतेदार, मोट, नांगरणी, बाजार, सगळं माणसाएवढ्या सिमेंटच्या पुतळ्यांतून शेतातच उभं केलंय, आणि चेहरे इतके ओळखीचे की मला तिथं आमच्या आत्तीसारखी एक बाई दिसली. हायवेवरून गोकुळ शिरगावकडनं आत वळायचं, पार्किंग ऐसपैस आहे. उन्हाचं फिरायला होत नाही, उघडताच जा, टोपी आणि पाणी घ्या.

राधानगरीला आम्ही गेलो ते धरणाच्या स्वयंचलित दरवाज्यांसाठी. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण. त्याला सात दरवाजे असे आहेत की पाणी ठरलेल्या पातळीला आलं की त्या दाबानंच उघडतात, उतरलं की आपोआप मिटतात, वीज नको, बटण दाबणारा माणूस नको. एकेका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी सुटतं, आणि पावसाळ्यात किती दरवाजे उघडले ह्यावर सगळं कोल्हापूर पंचगंगेच्या पुराचा अंदाज बांधतं. आम्ही गेलो तेव्हा ते बंद होते, लांबनंच बघितले, तरी महाराजांची नजर किती पुढची होती ते उभ्या उभ्या कळतं. पुढं दाजीपूरकडं गव्यांचं जंगल, तिकडं अंधारात गाडी चालवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऊसाचा सीझन असेल तर रात्री गाडी चालवायचीच नाही. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, अगदी जवळ गेल्यावर दिसतात. दिवस मावळायच्या आत मुक्कामाला थांबा. त्याच सीझनचा फायदा म्हणजे गुऱ्हाळं चालू असतात, धूर दिसला की थांबा, विचारलं तर गरम काकवी मिळते, बाटली सोबत ठेवा. रात्री थांबायला पेट्रोल पंप नाहीतर देवस्थानचं आवार बरं, पण विचारल्याशिवाय कुठंच नाही. पाण्याची टाकी मिळेल तिथं भरून घ्या, आणि नदीकाठी साबण लावून भांडी घासू नका, लोक तेच पाणी पितात.

शेवटी गगनबावडा. वाटेत पळसंबेला ओढ्यातच एकेका दगडातून कोरलेली छोटी देवळं आहेत, गाडी वर लावून चालत उतरायचं, दगड शेवाळलेले असतात तेव्हा पकड असलेले बूट घाला. पावसाळ्यात हा रस्ता मांडुकलीजवळ पाण्याखाली जातो आणि नृसिंहवाडी-खिद्रापूर भागात तर कृष्णेचा पूरच असतो, त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये व्हॅनचा बेत करू नका. पुढं कोकणात उतरणार असाल तर भुईबावडा घाट मोठ्या गाडीला अरुंद पडतो, करूळ घाट धरा, आणि तो चालू आहे का ते गगनबावड्याच्या चहाच्या टपरीवर विचारूनच निघा.